मागच्या कोपऱ्यातलं भांडं

तृप्ती : हात मागं घ्या आप्पा! ती वीट तापलेली आहे अजून.

पुंजाराम : तापलेली म्हनं! तव्याइतकी बी न्हाई. पन्नास वर्षं आव्यातून जळती गाडगी काढली ह्या हातानं. फोड म्हनून कधी आला न्हाई.

तृप्ती : तुमचा आवा वेगळा, माझी गॅसची भट्टी वेगळी. तुमचं गाडगं जळतं काढलं तरी मुकाट बसायचं. माझ्या ताटलीला जरा गार वारा लागला की तडकते. दीड दिवस थांबलो ना? अजून थोडं थांबू.

पुंजाराम : लई नाजूक बाबा तुमचं. मोठ्या घरच्या सुनेवानी.

तृप्ती : काटा साठवर आला की विटांचं दार काढू. बसा तुम्ही. चहा घेतला का?

पुंजाराम : घेतला. कल्याणरावांनी करून ठेवल्ता कामाच्या पाळीला जायच्या आधी. बिनसाखरेचा. जावई हाये का डाक्टर हाये, कळंना.

तृप्ती : तुमच्याच शुगरसाठी करतात ते.

पुंजाराम : अन् तुझ्या मनगटाला पट्टा बांधलाय तो?

तृप्ती : पट्ट्यानं काय होतंय. रात्री पडलं की हाताला मुंग्या येतात. डॉक्टर म्हणतात, माती मळणं बंद करा. म्हटलं, मग तुम्ही येता का मळायला?

पुंजाराम : असं बोललीस डाक्टरला?

तृप्ती : मनात. तोंडावर म्हटलं, हो सर.

पुंजाराम : आज समदं बराबर निघंल. देवाचं नाव घे.

तृप्ती : निघायलाच पाहिजे. चार वाजता टेम्पो येणार आहे शहागडहून. अण्णासाहेबांना दोनदा तारीख दिली अन् दोनदा तोंड लपवलं. पहिल्या वेळी मधेच गॅस संपला, दुसऱ्या वेळी वरच्या ग्लेझच्या लेपाला फोड आले. माणूस सज्जन म्हणून थांबला. पण ह्याच ताटल्या-कपांवर नदीकाठचं हॉटेल रविवारी सुरू करायचंय त्यांना, आखितीच्या, अक्षय्य तृतीयेच्या मुहूर्तावर. आता कुठं थांबणार?

पुंजाराम : आखितीच्या?

तृप्ती : हो. का?

पुंजाराम : काय न्हाई. चांगला दिस हाये.

तृप्ती : अन् जालन्याच्या शाळेच्या सरांना आजच उत्तर पाहिजे. सीबीएसईची शाळा, नवं सत्र लागलंय, सोमवारी चित्रकलेच्या बाई म्हणून हजर व्हा म्हणतात. मी मनाशी ठरवलंय आप्पा. ही भट्टी सगळी धड निघाली तर त्यांना नाही म्हणते. नाही निघाली तर सोमवारी जालन्याची बस धरायची अन् ही भट्टी विकून टाकायची.

पुंजाराम : एका भट्टीवर येवढं?

तृप्ती : एका नाही, बारा वर्षांच्या. थकले मी आप्पा. खरंच थकले.

पुंजाराम : शाळा काय वाईट न्हाई म्हना. पंख्याखाली बसायचं. हात बी काळे न्हाई होत.

तृप्ती : वाईट कोण म्हणतंय? कधी कधी वाटतं, खुशाल जावं. मग चाकासमोर बसते अन् विसरते... आला बघा साठवर. धरा ह्या विटा. नंबर टाकलेत, ओळीनं रचा.

पुंजाराम : दे. देवा नारायणा, लाज राख रे बाबा.

तृप्ती : वरचा थर... आप्पा! बघा, बघा! एक ताटली वाकली नाही!

पुंजाराम : आन इकडं. वाजवून बघतो.

तृप्ती : टिचकी हळू मारा.

पुंजाराम : टिचकीनं फुटलं तर ते भांडं कसलं? ऐक. ऐकलंस? कसं खणखणीत बोलून राह्यलंय. ही बी. अन् ही बी. तुझी माय म्हनायची, भांडं डोळ्यानं घेऊ नये, कानानं घ्यावं.

तृप्ती : ती माझ्या कपांनासुद्धा टिचक्या मारायची. पाहुण्यांसमोर. चहा असला तरी.

पुंजाराम : सवय हुती तिला.

तृप्ती : दुसरा थर. कप आहेत हे. कान धरून उचलू नका, खालून धरा. कसला निळा उतरलाय! पंधरा दिवस ह्याच रंगाच्या मागं होते मी.

पुंजाराम : ह्यो येक, ह्यो दोन... समदे बोलतेत. येक बी मुका न्हाई. झालं की मंग! जिंकलीस तू.

तृप्ती : अजून दोन थर आहेत. आत्ताच नाही नाचायचं.

पुंजाराम : खालचं मी काढतो. तू जा, जेवून घे.

तृप्ती : सकाळचे नऊ वाजलेत, जेवण कसलं?

पुंजाराम : मंग टेम्पोवाल्याला फोन लाव. जल्दी निघ म्हनावं.

तृप्ती : काय झालंय तुम्हाला? मघापासून बघते, नुसते तिथंच उभे राहता. सरका. ही फळी उचलली की तिसरा थर... आप्पा.

पुंजाराम : हां.

तृप्ती : हे काय आहे?

(तृप्ती वाकून भट्टीत डोकावते.)

तृप्ती : मोबाईलचा उजेड धरा जरा. असा, आतमधे. हे काळं, तपकिरी... काकवीसारखं पसरलंय सगळ्या फळीवर. कप चिकटले. हा नाही हलत. हाही नाही. अन् खाली बघा, गळत गळत चौथ्या थरावर गेलंय. ताटल्यांत साचून गोठलंय.

पुंजाराम : छिन्नी-पोगरानं सोडवलं तर?

तृप्ती : काच झाली त्याची. पोगर मारला तर कपच फुटेल. गेलं. अर्धा माल गेला.

पुंजाराम : हात भाजंल, मागं सर.

तृप्ती : माझीच चूक. ग्लेझ कालवताना डोळ्यावर झापड होती. तोलताना काहीतरी जास्त पडलं असणार. दोनदा तोललं असतं तर कळलं असतं. पण कंटाळा केला. म्हटलं होऊन जाईल. बारा वर्षांनी सुद्धा अशी चूक करते मी, आप्पा! पहिल्या वर्षाच्या पोरीनं केली असती तर मी तिला रागावले असते.

पुंजाराम : तसं न्हाई ते...

तृप्ती : तसंच आहे. माणूस थकलं की हातातलं जातं. बरं झालं, एकदाचा निकाल लागला. फोन द्या तो.

पुंजाराम : कोनाला लावतीस?

तृप्ती : शाळेच्या सरांना. सोमवारी येते म्हणून सांगते. वाजतोय... उचलत नाहीत. तासावर असतील. बघतील अन् करतील परत. तोवर अण्णासाहेबांना सांगायला पाहिजे. काय सांगू? तिसऱ्यांदा काय सांगतात माणसाला?

पुंजाराम : ठेव तो फोन. तुझी चूक न्हाई.

तृप्ती : समजूत नका घालू.

पुंजाराम : समजूत न्हाई घालत. ते तुझं काचेचं पानी न्हाईच. ती माती हाये. नदीची. आपली.

तृप्ती : नदीची माती माझ्या भट्टीत कशी येईल? मी गुजरातहून येणाऱ्या मातीशिवाय...

पुंजाराम : मी ठिवली. भांडं हुतं त्ये. सोमवारी तू भट्टी भरून जेवायला गेल्तीस. मी मागच्या कोपऱ्यात सारलं, तुझ्या कपाच्या मागं. तू आली अन् विटा लावून टाकल्या. डोळ्यावर झापड हुती म्हनलीस ना, ते खरं हाये. म्हनून तुला दिसलं न्हाई.

तृप्ती : भांडं? कसलं भांडं?

पुंजाराम : केळी.

तृप्ती : केळी?

पुंजाराम : आखितीची. तुझ्या मायची. पैलीच आखिती हाये तिची. बाईमानसाच्या नावानं केळी भरून ठिवावी लागती ना पान्यानं. दुसरं भांडं चालत न्हाई.

तृप्ती : अहो, मग अंबडच्या बाजारात ढीग लागलेत केळ्यांचे! एक आणायची!

पुंजाराम : बाजारातून? मी? ह्या गावात अन् बाजूच्या तीन गावांत, मेलेल्या कोनत्या बी मानसाला आखितीचं पानी मिळालं ते माझ्या हातच्या भांड्यातून मिळालं. अन् माझ्या बायकोला मी बाजारातली इकत आनू? लोक थुकतील तोंडावर. लोकांचं जाऊ दे, ती काय म्हनंल?

तृप्ती : मग गोवऱ्या रचून बाहेर भाजायची होती. तुमच्या पद्धतीनं.

पुंजाराम : कुठं भाजू? आवा हुता तिथंच तर तुझी भट्टी हाये. अन् मला येवढंच ठावं, जाळ जितका जास्त तितकं भांडं पक्कं. म्हनलं, पोरीच्या भट्टीत लोखंडावानी होऊन निघंल माझ्या द्वारकाची केळी. पुढच्या साली बी तीच वापरू. तिचं पानी होईल, हे मला काय सपान पडल्तं?

तृप्ती : मी साडेबाराशे डिग्रीवर नेते आप्पा! ती माती त्याच्या आधीच वितळते. शाळेतल्या पोरालासुद्धा सांगितलं असतं मी. एक शब्द विचारायचा होता मला. एक!

पुंजाराम : कोनत्या तोंडानं इचारू?

तृप्ती : म्हणजे?

पुंजाराम : अकरा वर्षाची हुतीस. चाकाला हात लावलास तर मी बोटांवर थापी हानली. बाईमानसानं चाक फिरवायचं नसतं म्हनलो. घरात चाक असून तू बडोद्याला जाऊन शिकलीस. आन आता मी म्हनू, लेकी, माझं येक भांडं घे तुझ्या भट्टीत?

तृप्ती : हो! तसंच म्हणायचं! जीभ झडली असती का?

पुंजाराम : झडलीच असती म्हन.

तृप्ती : तुमचं बरं आहे. पन्नास वर्षं तुमचं चाक फिरलं ते कुणाच्या जिवावर? आई नदीवरून माती आणायची. चाळायची, भिजवायची, तुडवायची, मळून गोळे करून तुमच्या हाताशी ठेवायची. तुम्ही नुसतं बसायचं अन् फिरवायचं. वर नाव तुमचं. पुंजारामाची गाडगी. माझ्याजवळ कुणी आहे का असं? मीच माती, मीच चाक, मीच सिलेंडर ओढणारी, मीच खोकी बांधणारी. हात गेला माझा. अन् एक भट्टी, एकच भट्टी धड पाहिजे होती मला...

पुंजाराम : रड माय. रडून घे.

तृप्ती : रडत नाही मी. घाम आहे.

पुंजाराम : बरं, घाम. हा गमचा घे.

तृप्ती : नको. राख लागलीय त्याला.

पुंजाराम : तू बोललीस ते खरं हाये. पन समदं खरं न्हाई.

तृप्ती : आता काय राहिलं?

पुंजाराम : येक साल मी चाकावर बसलोच न्हाई. तू पाळन्यात हुतीस. मला हिवताप आल्ता, असा की चार गोधड्या घालून बी दात वाजून राह्यलेत. आन आखिती आठ दिसांवर. चार गावच्या केळ्या द्यायच्या. न्हाई दिल्या तर लोकांचे पितर तहानेले, आन बोल कुंभारावर.

तृप्ती : मग?

पुंजाराम : मंग काय. तुझ्या मायनं दार लावून घेतलं, आन बसली.

तृप्ती : कुठं बसली?

पुंजाराम : चाकावर.

तृप्ती : आई?

पुंजाराम : मी गोधडीतून बघून राह्यलो. म्हनलं ताप डोक्यात गेला. कवा शिकली, कोनाला ठाव. गोळे ठिवता ठिवता बघून शिकली असंल. पैली केळी माझ्यापुढं आनून धरली, आन म्हनली, वाजवा. ओलं भांडं कुठं वाजतं का? मी तसंच बोट लावलं. पातळ, हलकी. ओठ असा काढल्ता की वतताना थेंब बाहेर सांडंना. माझ्याच्यानं तसा ओठ आजवर निघाला न्हाई.

तृप्ती : अन् लोक?

पुंजाराम : लोकांना दिल्या. मी बरा होऊन दारात बसल्तो. जो तो म्हने, पुंजाराम, औंदा तुझा हात लई साफ पडलाय.

तृप्ती : तुम्ही काय म्हणालात?

पुंजाराम : काय म्हननार. हसलो.

तृप्ती : आई कुठं होती तेव्हा?

पुंजाराम : तिथंच. पदरात ज्वारी घेत हुती लोकांची. ती बी हसली. मंग परत कधी बसली न्हाई चाकावर. मी बरा झाल्तो ना.

तृप्ती : मी चाकासाठी ह्याच अंगणात भांडत होते. ती समोर माती मळत बसली होती, खाली मान घालून. मला वाटायचं, ही तुमच्या बाजूची आहे. इतकी वर्षं मी तिच्यावर राग धरला त्याचा. मला का नाही सांगितलं आप्पा?

पुंजाराम : तिनं शपथ घातल्ती. आन... खोटं कशाला बोलू, मला बी सोयीचं हुतं.

तृप्ती : मला आता तुमच्यावर ओरडायचंय, पण तेवढाही जीव नाही राहिला अंगात.

पुंजाराम : उद्या ओरड. मी काय कुठं जातो?

तृप्ती : हा एक कप सुटलाय बघा. बाकीच्यांना धरून नव्हता. अर्धा निळा, अर्धा तुमच्या नदीचा.

पुंजाराम : फेकू का?

तृप्ती : नका. तुम्हाला चहाला ठेवते. बिनसाखरेच्या.

पुंजाराम : येक सांगू? ती केळी वितळली ते बरंच झालं. वाकडी झाल्ती. चार येळा मोडली, पाचव्या येळला उभी राह्यली, ती बी येका अंगाला झुकून. माझा हात थरथरतो आता. तसली वाकडी बघून हसली असती ती.

तृप्ती : अण्णासाहेबांना खरं ते सांगते. दोन थर आज घेऊन जा, अर्ध्या मालावर हॉटेल सुरू करा, बाकीचं पंधरा दिवसांनी. पटलं तर पटलं. ओरडले तर तुमच्याकडे देते फोन.

पुंजाराम : दे. मी म्हनतो, मालक, माझ्या बायकोचं भांडं हुतं.

तृप्ती : नदीची माती उरलीय का?

पुंजाराम : हाये की. टोपल्यात, ओल्या पोत्याखाली. का?

तृप्ती : आज बुधवार. ह्या उन्हात शुक्रवारपर्यंत वाळेल. शनिवारी अंगणातच जागा करून गोवऱ्यांत भाजू, तुमच्या पद्धतीनं. तिच्यासारखा ओठ काढायला शिकवाल मला? तुम्ही एकट्यानंच बघितलाय तो.

पुंजाराम : तू करनार? तिची केळी?

तृप्ती : मग कोण करणार? पण मला आज एक गोळासुद्धा मळून होणार नाही. अंगठा मिटत नाही बघा.

पुंजाराम : सरक तिकडं. तू चाकावर बस. मी मळतो.

तृप्ती : तुम्ही? जन्मात मळलीय का माती?

पुंजाराम : न्हाई. पन पन्नास वर्षं बघितली मळताना. ती बघून चाक शिकली, मी बघून येवढं बी न्हाई शिकनार? चाकाला थरथर चालत न्हाई. मळायला चालती.

तृप्ती : कंबर धरेल तुमची.

पुंजाराम : धरू दे. तिची न्हाई धरली का? पानी लाव थोडं... तसं न्हाई, अजून. हां. लई जड असती गं ही.

तृप्ती : तळहातानं पुढं ढकला. अंगाचा भार द्या, नुसता हात नको. अशीच मळायची ती.

पुंजाराम : माहीत हाये मला, कशी मळायची... तुझा फोन वाजून राह्यला.

तृप्ती : शाळेचे सर असतील.

पुंजाराम : घे मंग.

तृप्ती : काय सांगू त्यांना?

पुंजाराम : त्ये मला नको इचारू. तुला रोजचे गोळे किती लागतात, तेवढं सांग.